तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

आबा,
तुम्हाला झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. ऑफिसच्या सौर पंपांची तपासणी आज वैजापूरला आहे. तिथून तशीच विद्यापीठात गाईडना भेटायला जाईन, यायला उशीर होईल. भाकरी डब्यात आहे, पिठलं तेवढं गरम करून घ्या. टँकर अकराला येईल. हंडे तुम्ही उचलू नका, वॉचमनला सांगितलंय.

माझ्या पीएचडीच्या सर्वेक्षणाचा फॉर्म गावागावांत वाटायच्या आधी तुम्हाला भरून बघायला दिला होता, तो आत्ता वाचला. पंप नाही, दुष्काळात मेंढरं विकली, मुक्काम आता शहरात, सगळं नीट लिहिलंत. फक्त तिसऱ्या प्रश्नात, घरात राहणारी माणसं किती, तिथं तुम्ही ‘एक’ लिहिलंय.

चुकून झालं असेल म्हणून खोडून ‘दोन’ करायला पेन काढला. मग आठवून पाहिलं. आपण शेवटचं सोबत जेवलो ते संक्रांतीला.

माहिती देणाऱ्याचा आकडा आपण बदलायचा नसतो, हे दर सर्वेक्षणाच्या वेळी मीच सगळ्यांना बजावते. म्हणून ‘एक’ तसाच ठेवलाय.

अक्षदा