नाळेवरची जागा

कोलशेत, ठाणे
मंगळवार, ३ डिसेंबर १९९१

चि. दामास दादूसचा आशीर्वाद. सौ. जनीलाही सांग. तुम्ही सगळी बरी असाल असं धरून लिहितो. मी बरा आहे. खोकला सोडला तर बरा आहे.

पत्राला फार उशीर झाला, त्याचा राग धरू नकोस. रतनच्या लग्नाची पत्रिका मे महिन्यात पोचली होती. माझं नाव तू स्वतःच्या हाताने घातलं होतंस, अक्षर ओळखलं. कोपऱ्यात हळदीचं बोटही होतं. पण मला तेव्हा ताप होता, म्हणून येता आलं नाही. नंतर आज लिहू, उद्या लिहू असं करता करता सात महिने गेले. तीन वेळा पोस्टातून इनलँड आणलं. एकावर चहा सांडला, एक क्लबातल्या विठ्ठलने मागून नेलं, तिसरं हे. तू अजून मोहन्याला त्याच खोलीत आहेस ना? पत्रिकेवरचाच पत्ता घालतो आहे. खोली बदलली असशील तर हे कुठे जाईल कोण जाणे. पोस्टमनला ओळखत असशील तर विचारून ठेव.

तुमच्याकडे थंडी पडली का? इथे सकाळी खाडीवर धुकं असतं. समोरची तिवरं दिसत नाहीत. क्लबाच्या बोटी भिजलेल्या असतात, त्या मी फडक्याने पुसतो. सोमवार ते शनिवार क्लबात मी आणि कावळे. विठ्ठल कॅन्टीन उघडतो, पण दुपारी दोनला घरी जातो. रविवारी मेंबर येतात. "गुणाजी, बोट काढा," म्हणतात, "गुणाजी, बोट लावा," म्हणतात. मधल्या वेळात कुणी काही म्हणत नाही. वाईट माणसं नाहीत. त्यांना वल्हवायची घाई असते.

हिवाळ्याचा कार्यक्रम बोर्डावर लागला आहे. बावीस तारखेला रविवारी वार्षिक शर्यती, त्यानंतर जेवण. एकतीसला रात्रीचं जेवण आणि गाणी, ते फक्त मेंबरांसाठी. संक्रांतीनंतरच्या रविवारी मेंबरांच्या बायकांचं हळदीकुंकू. सव्वीस जानेवारीला बोटी झेंडे लावून खाडीत न्यायच्या. मला सगळ्याचीच काळजी वाटते. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आलं आहे. हळदीकुंकवाला बायका रेशमी साड्या नेसून येतात आणि बोटीत बसायचंच म्हणतात. मागच्या वर्षी एकीची चप्पल पाण्यात गेली, तर दिवसभर मला वाटत होतं की माझंच काही चुकलं. दोऱ्या जुन्या झाल्या आहेत. सेक्रेटरी प्रभाकर साहेबांना चार वेळा सांगितलं. ते म्हणतात, "गुणाजी, तुम्ही फार विचार करता."

बावीसचा दिवस मी सांगितला आहे. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, एकच्या सुमाराला खाडी भरलेली असेल. पण हल्ली मी बोटांवर मोजत नाही. तीन पंचांगं पाहिली. देवळातलं, विठ्ठलच्या घरचं आणि भिंतीवरचं कॅलेंडर. तिन्हींत तेच आहे. तरी रोज एकदा पाहतो.

त्या रविवारी माझा सत्कारही आहे. मला नको होता. पंचवीस वर्षं झाली, वय झालं, आता नवा माणूस घेणार आहेत. शाल, नारळ आणि घड्याळ देणार. बोर्डावर टाइप करून लावलं आहे : श्री. गुणाजी यांची पंचवीस वर्षांची निर्दोष सेवा. मी चौथी शिकलो, पण निर्दोष कळतं. बोट पुसायला जाताना तो कागद वाटेतच येतो. आता मी मागल्या दाराने जातो.

प्रभाकर साहेबांनी विचारलं, "घरची किती माणसं? पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवायच्यात."

मी म्हटलं, "दोन."

"कोण कोण?"

"भाऊ आणि भावजय."

तोंडातून निघून गेलं. माझी पोर मंजुळा पहिलटकरीण आहे, सातवा महिना लागला आहे, ती उरणहून कशी येणार? आणि तिची आई शेवंती तर नाहीच. म्हणून दोन म्हटलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

आणखी एक आहे. तुला आठवत असेल, क्लबातला जुना माणूस निवृत्त झाला की शर्यतींच्या आधी गावची होडी एकदा खाडीतल्या खांबापर्यंत नेऊन आणतो. आपल्या बापसाची होडी आहे अजून. मी आषाढात तिला डांबर लावलं. मेंबर वल्ही मारणार, मी सुकाणूला बसणार. नाळेवर, पुढच्या टोकाला, कोण बसणार ते ठरलेलं नाही. विठ्ठल चहाच्या किटल्या घासता घासता म्हणाला, "काका, नालेवर नारल ठेवा. बोंबलनार तरी नाय."

सगळे हसले. मीही हसलो. त्या पोराला काय माहीत. तेव्हा तो कल्याणला होता.

इथवर लिहिलं आणि थांबलो. उद्या पुरं करून टाकतो.

गुरुवार, ५ डिसेंबर

दामा, वर मी तापाचं लिहिलं आहे ते खरं नाही. खोडणार होतो, पण खोडलं तर तुला खाली काय होतं ते वाचता येणार नाही. राहू दे.

मी आलो होतो. रतनसाठी स्टीलच्या पेल्यांचा सेट घेतला, कागदात बांधला, आंबिवलीला उतरलो, विचारत विचारत मांडवापर्यंत आलो. तू फेटा बांधून दारात उभा होतास. केस सगळे पांढरे झाले तुझे. मला वाटलं होतं, अजून काळेच असतील. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बाईने मला विचारलं, "आपन कोन? पोरीकडचं का पोराकडचं?"

दामा, मला सांगता आलं नाही. रतनला मी खांद्यावर बसवून खाडीत शिंपले वेचायला नेत होतो, आणि मला पोरीकडचं म्हणवेना. त्या बाईला वाटलं, म्हातारा बहिरा आहे. तिने पुन्हा मोठ्याने विचारलं. तू इकडे वळणार असं दिसलं आणि मी परत फिरलो. पेले अजून ट्रंकेत आहेत. कागदही सोडला नाही.

मांडवात का आलो नाही ते तुला माहीत आहे. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. अकरा वर्षं आपण दोघंही त्यावर बोललो नाही, म्हणून आता लिहितो. अक्षर लावून घे.

ऐंशी सालच्या शर्यतीच्या दिवशी मी तेव्हाच्या साहेबांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की अडीचला मधल्या भाटावर, त्या चिखलाच्या उंचवट्यावर, होडीपुरतं पाणी असेल. मी तिथी बोटांवर मोजली होती. मधली एक तिथी गळाली होती ते माझ्या ध्यानात आलं नाही, म्हणून मी पंचमी धरली आणि निघाली षष्ठी. भरती पाऊण तास उशिरा. पंचांग घरात खुंटीला होतं. पाहिलं नाही. बापूस कधी पाहत नव्हता, म्हणून मीही पाहिलं नाही.

तू नाळेवर होतास, मी सुकाणूला. तू ओरडलास, "पानी नाय, दादूस! चिखल हाय, उजव्याला मार!"

मी ऐकलं.

एकदा नाही, दोनदा ऐकलं. मेंबर वल्ह्यांच्या तालावर ओरडत होते, त्यांना शब्द कळले नसतील. बापसाचा नियम आपण दोघं पोरं असल्यापासून पाळत आलो. नाळेवरच्याने हाक दिली की सुकाणूवरच्याने तीच हाक परत द्यायची, म्हणजे वल्ही मारणाऱ्यांना कळतं की ऐकलं गेलं. ओ मिळाली नाही तर कुणी वल्हं थांबवत नाही. धक्क्यावर सगळी कमिटी बसली होती. मी ओ दिली असती तर माझं पाणी चुकलं हे सगळ्यांना कळलं असतं. मला वाटलं, एवढं निघून जाईल. दोन वल्ह्यांचं काम. निघालं नाही. क्लबाची नवी होडी भाटावर चढली, तळ फाटला, मेंबर गुडघाभर चिखलात उतरले.

नंतर कमिटीने बोलावलं. आपण दोघं शेजारी उभे होतो. साहेबांनी विचारलं, "पुढच्याने सांगितलं नाही का?"

आणि मी म्हटलं, "नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलशील. तू टोपी काढलीस, टेबलावर ठेवलीस आणि बाहेर गेलास. दादूस खोटं बोलतो असं चार लोकांत म्हणाला नाहीस. महिन्याभरात जनीच्या भावाने तुला मोहन्याच्या कारखान्यात लावलं. तुझी टोपी मी घरी आणली. शेवंतीने ती पाहिली आणि विचारलं, "भावोजी वरडले होते ना? आमी भाटासमोर काठावर होतो, आमाला आयकू आलं."

मी तिला म्हटलं, "गप बस." ती गप बसली. मरेपर्यंत बसली. तिच्या वेळी तू आलास, खांदा दिलास, चहा न घेता गेलास. तेव्हा सांगायचं होतं, पण माणसं होती. माणसं नेहमीच असतात.

काल मी प्रभाकर साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. निर्दोष काढा म्हटलं. ते तेव्हा क्लबात नव्हतेच. त्यांनी ऐकून घेतलं, मग हसले. "अहो गुणाजी, अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ती होडीसुद्धा आता नाही. कुणाला आठवतंय? शाल घ्या आणि आनंदात घरी जा."

मी म्हटलं, "घरी कोणी नाही, साहेब."

ते म्हणाले, "दोन खुर्च्या सांगितल्यात ना तुम्ही?"

मग मी उठलो. तेव्हा कळलं की हे साहेबांना सांगायचं नव्हतंच. क्लबात हे कुणाला हवं नाही. ते फक्त तुझं आहे. म्हणून तुला लिहिलं.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. धाकट्याची मागायची आपल्यात पद्धत नाही, पण मागतो.

बावीसला येशील का? आंबिवलीहून सकाळची गाडी धर, ठाण्याला उतर, कोलशेतची बस मिळते. स्टॉप आता जरा पुढे गेला आहे, चुकशील, मी स्टॉपवर उभा राहतो. खुर्चीवर बसायचं नसेल तर बसू नकोस. सत्काराच्या आधीच निघून गेलास तरी चालेल. पण होडीत बस. नाळेवर. तुझी टोपी मी धुऊन ठेवली आहे. खांबापर्यंत जायचं आणि यायचं, एवढंच. पाणी भरपूर असेल, हाक द्यायचं काही कारण पडणार नाही. तरी एकदा दे. काहीही ओरड. धक्क्यावर सगळी असतील, त्यांच्यादेखत मी ओ देतो.

यायचं नसेल तरी कार्ड टाक. नाही एवढंच लिहिलंस तरी पुरे. पोस्टमन अकराला येतो. दहा वाजल्यापासून मी धक्क्यावरच असतो. दामा, लवकर कळव.

तुझी हाक ऐकलेला,
दादूस