वाट न सोडलेला चर

खाडीकाठची वस्ती, जि. भावनगर
१२ जून २०२४

ती. दादास, धाकट्या तेजूचा शि. सा. न. वि. वि.

इथं रेंज अजून आलेली नाही, त्यामुळं पुन्हा पोस्टाच्या पेटीलाच शरण. आईला पत्रच आवडतं म्हणा. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, पत्र दोनदा वाचून घेता येतं, असं ती म्हणते ना? मग तिला हे मोठ्यानं वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे.

ह्यांचं मिठागरावरचं काम बरं चाललंय. वस्तीमागं थेट समुद्रापर्यंत गवताळ रान आहे. भरतीचं पाणी गवताच्या मुळाशी येतं आणि सकाळी त्याच चिखलात काळविटांचे खूर उमटलेले असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथंच रडले. आपला बिरोबाचा माळ आठवला, दुसरं काय!

अमरसिंहांनी आपल्या माळावर डोळा ठेवलाय, हे तुझ्या पत्रात वाचून मात्र जेवण गेलं नाही. गायरान काय त्यांना सासऱ्यानं आंदण दिलंय? ट्रॅक्टर घालून माळ नांगरला की हरणं जातील कुठं? वनखात्याचे साहेब दसऱ्याआधी पाहणीला येणार, कळप दिसला तर माळ राखीव करायला सांगणार, असं तू लिहिलंस. मग तोवर माळ वाचलाच पाहिजे. इथं रानाभोवती चर खणलाय, गाड्या आत शिरत नाहीत. बघ जमतंय का. पण इथल्या चराला जागोजागी उतार आहे आणि मधे जनावरांना वाटा सोडल्यात. ते विसरू नकोस.

आईला दंडवत. लोभ आहेच, तो तिच्या लोणच्यासारखा मुरत जावा.

तुझी तेजू


माळवस्ती, ता. वडवणी, जि. बीड
२१ जुलै २०२४

चि. सौ. तेजूस, धोंडीरामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू रडलीस हे ऐकून आई बी डोळ्याला पदर लावून बसली. येडी हायेस तू. मिठागरात मीठ कमी पडलं व्हतं का, म्हणून रडलीस?

आता खबर ऐक. चर झाला! पाणी मुरवायला चर खणून खणून गावाचा हात बसलेलाच हाय, टिकाव-फावडं घरोघर. समदा गाव उतरला. चौसाळ्याचा हैदर, माझ्यासंगं आयटीआयला व्हता तो, आता जेसीबी चालवतो. भाड्याचं इचारलं तर म्हणाला, पैशाचं नाव काढलंस तर दोस्ती तुटली बे. माळाच्या चारी बाजूनं, पुरुषभर खोल, कडा भिंतीवानी ताठ. परवा अमरसिंहाचा ट्रॅक्टर आलता. डायवर काठावरून खाली बघत बसला अन् गपगुमान माघारी गेला. आमी लई हसलो.

तू म्हणतीस वाट सोड. कावून सोडू? हरणाला सोडली की ट्रॅक्टरला बी सोडली. आत गवत हाय, तळं हाय, कळपाला बाहेर जायचं कामच काय? पाहणीच्या दिशी कळप आतच पायजे. आईला वाटेची तेवढी एकच ओळ वाचून दावली न्हाई. आदीच कुरकुर करती, रानातल्या जिवाला दावं लावू नये म्हणती. तिला तुझी साथ मिळाली असती तर तिनं मला घरात राहू दिलं नसतं.

जावयबापूंना रामराम सांग. माया पातळ करू नको.

तुझा दादा


खाडीकाठची वस्ती
१४ ऑगस्ट २०२४

ती. दादास, शि. सा. न.

पत्र मिळालं. बाजारला गेले तेव्हा फोन केला, तर तू म्हणालास, पाहणी होऊ दे, मग फोडतो. आणि ठेवलासच फोन!

दादा, पोळ्यानंतर माद्या विणार. गावातली कुत्री रोज माळावर जातात, तुला ठाऊक आहे. ती कळपामागं लागली तर पाडसं पळणार कुठं? निदान दोन जागी कड फोडून उतार कर. ट्रॅक्टर येईल ही भीती खरी आहे, नाही म्हणत नाही मी. मग तिथं माणसं बसवा राखणीला. आणि आईला सगळं सांग. मी रागावले आहे, तरी लोभ तसाच आहे.

तेजू


माळवस्ती
९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. तेजूस, आशीर्वाद.

घट बसायच्या आदल्या दिशी सांजंला ढग फुटल्यावानी पाऊस आला. चर तुडुंब झाला. त्यातच कुत्र्यांनी कळप उठवला. मोठी काही उड्या मारून पार झाली. पाडसांना उडी कुठली? ती चरात पडली, अन् आया त्यांच्यामागं उतरल्या. कडा ताठ, ओला मुरूम, वर यायला पाय ठरंना.

सकाळी आमी गेलतो, तवर पाडसं अन् आया बुडून मेलती. हैदरला बोलावलं, पर तो मशीनवर बसलाच न्हाई. कमरेइतक्या पाण्यात उतरून एकेकीला हातानं वर देत व्हता अन् रडत व्हता. एका मादीच्या पुढच्या खुरांची टोकं झिजून गेलती, कड खरवडून. ती कड मीच ताठ करून घेतलती, तेजू. जेवायला बसलो की मला ते खूर दिसतात.

मागून साहेब आले. माळभर हिंडले. वाचलेली हरणं कुठल्या रानात गेली कुणास ठाऊक, एक शिंग दिसलं न्हाई. कळप न्हाई असंच त्यांनी लिहून नेलं, दुसरं काय लिहितील? चर कुणी मारला इचारलं. मी म्हणालो, मी.

आईनं तुझं पयलं पत्र म्होरं ठेवलं अन् पुन्हा वाचायला लावलं. गाळलेली ओळ बी वाचली. ती उठली. घमेलं घेऊन माळावर गेली अन् एकटीच चरात माती टाकू लागली. मग मी गेलो, हैदर आला. गाडीवाटेएवढी वाट झाली.

वाट झाल्याचं अमरसिंहाला कळायला किती येळ लागतो? काल ट्रॅक्टर आला. वाटेच्या मधोमध आई बसलेली. डायवरनं हारन वाजवला, ती हलली न्हाई. तो माघारी गेला. आता ती दिसभर तिथंच असती, भाकरी बी तिथंच खाती. मी म्हणलं, अगं आई, तू मधी बसल्यावर हरीण आत कसं येईल? तवा ती इतक्या दिसांत पयल्यांदा बोलली. म्हणाली, मग मी कुठं बसू, ते तेजूलाच इचार.

म्हणून इचारतो. लोभ ठेव म्हणायला तोंड न्हाई. तरी ठेव.

धोंडीराम