धुऱ्यापलीकडे गेलेला चेंडू

३ ऑक्टोबर, शुक्रवार. अकोला

—पुन्हा माती! क्लब चेंडूच्या चार बोटं आधी रुतला. मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या. चेंडू जागचा हलला नाही.

शेखर दगडावर बसून हसत होता. बावीस वर्षं फौजेत, त्यातली नऊ छावणीच्या गोल्फ मैदानावर. आता इथे एका गोदामाची सुरक्षा सांभाळतो आणि सकाळी सहा ते सात मला शिकवतो.

'साहेब, वखर चालवून राहिले काय?'

एकेचाळीस चेंडू मारले. नीट लागलेला एकही नाही. क्लबला चिकटलेली काळी माती काडीने खरवडत बसलो.

जुलैत नागपूरला कंपनीच्या लोकांसमोर तीनदा क्लब फिरवला होता. तीनदा नुसती हवा. 'वारा छान आला,' विभागप्रमुख म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. त्यांचं हसणं विसरलो, माझं विसरता येत नाही. डिसेंबरात पुन्हा सामने आहेत. नाव दिलं आहे.

५ ऑक्टोबर, रविवार. मोर्शी

शनिवार-रविवार घरी येतो. आमच्या बागेला लागून आमचंच पाच एकर रान आहे. सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं. तिथे मारतो. मग धुरा, म्हणजे शेताचा बांध, धुऱ्यावर बाभळी, पलीकडे संत्र्याची बाग.

यंदाचा बहार वरूडचा व्यापारी अमोल याने झाडावरच विकत घेतला आहे. फळ उतरेपर्यंत बाग त्याची, राखणदारही त्याचा. राखणदार बुधाजी. मचाणावर बसून गोफणीने माकडं हाकलतो.

आज चेंडू गवतातल्या सापासारखे सरपटत गेले. निम्म्या रानात थांबले.

'साहेब,' बुधाजी मचाणावरून ओरडला, 'चेंडू धुऱ्यापर्यंत येईन तवा आदी सांगजा. माकडाइले सुट्टी देतो!'

मनकर्णाबाई गळलेली फळं वेचत होत्या. मी शाळेत जायच्या आधीपासून त्या आमच्याकडे कामाला आहेत. त्या म्हणाल्या, 'हसू नोको रे. भाऊचं पोट दुखत असन. किती वाकून राहिले पाय.'

बाबांनी येऊन एक चेंडू उचलला, हातात तोलला, परत ठेवला. एक्काहत्तराव्या वर्षी त्यांना न बोलणं पुरतं.

८ ऑक्टोबर, बुधवार. अकोला

शेखर म्हणतो, मी चेंडू उचलायला जातो म्हणून तो उठत नाही. 'त्याले जमिनीत गाडाले जा, साहेब. तो आपल्या मनानं उठते. आदी चेंडू, मंग माती.'

वजन डाव्या पायावर. मान खाली. हातांनी घाई करायची नाही, कमरेला आधी जाऊ द्यायचं. डोक्यात सगळं उतरलं आहे. हात ऐकत नाहीत.

११ ऑक्टोबर, शनिवार. मोर्शी

जसं झालं तसं लिहितो.

सकाळचे नऊ वाजले असतील. सतरावा की अठरावा चेंडू. हातांना काहीच जाणवलं नाही. नीट लागलेला चेंडू असा असतो हे मला माहीत नव्हतं—तो लागल्याचं कळतच नाही! फक्त आवाज. बारीक, कोरडा. आधी चेंडू, मग माती. मातीचं ढेकूळ पुढे उडालं. मी मान वर केली तेव्हा चेंडू बाभळींच्या वर होता आणि अजून चढत होता. मग हळूहळू उजवीकडे वळला आणि बागेत गेला.

मी हसलो. एकटाच, मोठ्याने.

हसतच होतो, तेवढ्यात बाई ओरडली.

धावलो. तिसऱ्या ओळीत मनकर्णाबाई बसल्या होत्या. डावा डोळा हाताने दाबलेला, बोटांच्या फटीतून रक्त. टोपली कलंडलेली. बाजूच्या झाडाच्या आळ्यात चेंडू.

मी आधी चेंडू उचलला. खिशात टाकला. मग बाईंजवळ बसलो. हा क्रम लिहून ठेवायलाच हवा.

बुधाजी पलीकडून धापा टाकत आला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. बाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या गोफणीकडे.

'माह्या हातून झालं. आताच वानरावर गोटा फेकला न मी! मनकर्णे, मले दिसली नाई वं तू... झाडाआड व्हती...'

तो जमिनीवर बसून कपाळ बडवू लागला.

मी म्हणालो, 'आधी गाडी बोलवा.'

तेवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं. त्याच्याआड दिवसभर लपता येईल हे मला तेव्हाच कळलं होतं.

बाबा शेजारच्या जीपमधून त्यांना अमरावतीला घेऊन गेले. मी निघालो तर म्हणाले, 'तू राय इथं.' संध्याकाळी दोघं परतले. डोळ्याखालच्या हाडाला चीर, सात टाके. नजर किती राहील ते सूज उतरल्यावर कळेल.

अमोल वरूडहून आला होता. अंगणात सात-आठ माणसं. बुधाजी कोपऱ्यात उकिडवा. अमोलने सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून अर्धवट हसला.

'साहेबाचा तो चेंडू तर नाई ना लागला?'

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आत्ता लिहितानाही सांगता येत नाही. त्याआधी बाबा बोलले.

'त्याचा? त्याचा धुऱ्यापर्यंत तरी जाते काय? साऱ्या गावानं पायलं.'

'हे बी खरंच हाय म्हना, भगवंतराव,' अमोल बाबांना म्हणाला.

माणसं हसली. मी खाली पाहिलं. अपमान झाल्यासारखा चेहरा केला. तेवढं मला छान जमलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

चेंडूला रक्त नव्हतं. तरी धुतला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. अकोला

बाबांचा फोन. अमोलने बुधाजीला काढलं. दुसरा राखणदार आणला. व्यापारी एकमेकांना सांगतात. आता वरूड, शेंदूरजनाघाट, इकडे मोर्शी—कुठेच त्याला कुणी बागेत ठेवणार नाही. जाताना तो मनकर्णाबाईंच्या दारात डोकं टेकवून गेला म्हणे.

'बरं,' मी म्हणालो.

फोन ठेवताना बाबा म्हणाले, 'तुह्या त्या काड्या अकोल्यालेच राहू दे. इकडे आनू नोको.'

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मैदानावर गेलो. का गेलो? घरी बसवेना.

एकेचाळीसपैकी सव्वीस नीट लागले.

'काय खाऊन आले, साहेब?' शेखर उठून उभा राहिला. 'मान पाहा! दगडासारखी. कोनं शिकवलं?'

कुणी नाही. दर वेळी मी तोच फटका परत मारतो. दुसरा माझ्याकडे नाही. तो आवाज, तोच मोकळेपणा, उडालेलं ढेकूळ. हातांना तेवढंच आठवतं. पुढचं त्यांना आठवत नाही.

माझा हात सुधारतो आहे. हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

घरी गेलो नाही. एकेचाळीसपैकी एकतीस.

२२ ऑक्टोबर, बुधवार. मोर्शी. पाडवा

मनकर्णाबाई फराळाला आल्या. पट्टी निघाली आहे. गालावर जखमेची ओली लाल रेघ. डाव्या डोळ्याने दिसतं, पण 'धूर झाल्यावानी' म्हणाल्या. सुईत दोरा ओवता येत नाही. चहा कपात ओतताना बशीत गेला तेव्हा त्यांनी पदराने पुसला आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं. मी पाहिलं होतं.

'भाऊ, खेळ बंद केला काय?'

'हो. म्हणजे, थोडा.'

'काहून?'

विचारून त्या थांबल्या. एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिल्या. लाडूचा तुकडा हातात तसाच. सांगायचं ते अगदी ओठांपर्यंत आलं...

'मनकर्णा,' बाबा ओट्यावरून म्हणाले, 'फराळ बांधून घे अन् जाय बाई घरी. ऊन होऊन राह्यलं.'

त्या उठल्या. मला सुटल्यासारखं वाटलं! ह्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज बाकी सगळ्याहून जास्त आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार. मोर्शी

स्टँडजवळ बुधाजी दिसला. संत्र्याचे क्रेट ट्रकमध्ये चढवत होता. साठीचा माणूस, दोन पोरांच्या मध्ये. मला पाहून क्रेट खाली ठेवला, हात जोडले.

'साहेब, बाईचा डोळा कसा हाय?'

'बरा आहे.'

'दिसते?'

'दिसतं.'

त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार होतो! तो कप दोन्ही हातांत धरून म्हणाला, 'चाळीस वरसं गोफण फिरवली. मानसाले काय, कोंबडीले लागली नाई कधी. आता आठोतो त्या दिवसाचं, तं कधी वाटते दगड मंगाच सोडला व्हता. कधी वाटते सोडलाच नोता. माहं मलेच समजून नाई राह्यलं.'

'म्हातारपण आलं, बुधाजी.'

हे मी म्हणालो. मी!

'हाव,' तो म्हणाला. 'तसंच असन.'

मी त्याची बाग घेतली. आज त्याची आठवणही घेतली.

२९ ऑक्टोबर, बुधवार. अकोला

साधना म्हणाली, 'शेखर भेटले होते. म्हणाले, साहेब नागपूर गाजवणार. आणि तुमचा चेहरा हा असा का?'

बायकोलाही सांगितलं नाही. खांदा दुखतो म्हणालो. तिने तेल गरम करून आणलं. खांद्याला लावून घेतलं.

१ नोव्हेंबर, शनिवार. मोर्शी

सामन्यांतून नाव काढलं. ते सोपं होतं. सोपं होतं म्हणूनच आधी केलं.

उद्या सकाळी मनकर्णाबाईंकडे जायचं. मग वरूडला अमोलकडे, मग बुधाजीकडे. बाबांना शेवटी.

शेवटी, कारण भीती त्यांचीच आहे. विभागप्रमुखांची नाही, गावाची नाही. सात वर्षांचा असताना शेजाऱ्यांच्या झाडाची दोन मोसंबी तोडली होती. बाबांनी ती माझ्या हातात दिली आणि मला त्यांच्या दारात उभं केलं. ते लोक लग्नाला गेले होते. उन्हं कलेपर्यंत उभा होतो. बाबाही उभे होते, माझ्या मागे. ओरडले नाहीत. मारलं नाही. पाणी दिलं, ते मी प्यायल्यावरच स्वतः प्यायले.

त्या माणसाला सांगायचं की मी तीन आठवडे एका म्हाताऱ्याला माझ्या जागी उभं केलं.

ते काय म्हणतील याचं वाक्य मी शोधतो आहे. सापडत नाही. बहुधा काहीच म्हणणार नाहीत. उठून गोठ्याकडे जातील.

तरी उद्या.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी गेलो. मनकर्णाबाई चुलीपुढे होत्या. उभ्यानेच सांगितलं, एका दमात.

त्यांनी भाकर उलटली.

'मी तं त्याच दिवशी मालकाले सांगतलं, भाऊ. जीपमंदी. मनलं, गोटा नोता, पांढरं व्हतं. मालक म्हने, चूप राय. पोराचं नाव निंगू नाई पाह्यजे.'

घरी आलो. बाबा फाटकाशी उभे होते. मी कुठून आलो ते त्यांना दिसत होतं. म्हणालो, 'वरूडला चाललो. अमोलकडे.'

ते आत गेले, टोपी घालून आले आणि एसटीत माझ्या शेजारी बसले. वरूड येईपर्यंत आम्ही दोघंही समोर पाहत होतो.