आमच्या गाडीचं धुराडं

३ मार्च, सोमवार

या घरात मला काही विचारायची पद्धतच नाही. जेवायला बसले तर समोर टीव्ही लावून ठेवला, आणि आवाज असा की भाजीत मीठ आहे की नाही तेही कळेना. टीव्हीत सात माणसं एकाच वेळी भांडतात आणि आठवा टायवाला म्हणतो, एकेकाने बोला. स्वतः मात्र थांबत नाही.

तीन वर्षांपूर्वी हेच सातजण एका सुरात सांगत होते — शेजारच्या देशाकडे विषारी वायूचा फिरता कारखाना आहे, लॉरीवर बसवलेला, पक्की खबर आहे, लढाई केलीच पाहिजे. आता म्हणतात, कारखाना काही सापडला नाही. मग खबर कुणाची होती, यावर मारामारी. एक म्हणतो चूक झाली, दुसरा म्हणतो चूक नाही, अंदाज होता.

माझा नातू तिकडे फौजेचा ट्रक चालवतो. मी मुलाला विचारलं, नसलेली वस्तू सापडेपर्यंत पोराला परत पाठवणार नाहीत का? तर म्हणाला, आई, तुला राजकारण कळत नाही.

नसेल कळत. लॉन्ड्री कळते. कुणाची चादर हरवली की आम्ही आधी आपले गठ्ठे उलटे करून बघतो. लगेच शेजाऱ्याचं दार फोडत नाही.

४ मार्च

गुडघा. बाकी काही नाही.

६ मार्च, गुरुवार

आज गुडघा राहू दे, लिहितेच.

आज त्या खबरीची चौकशी करणाऱ्या समितीने फिरत्या कारखान्याचं गुप्त चित्र उघड केलं. टीव्हीवर भिंतीएवढं दाखवलं. लॉरी, मागे बॉयलर, ओळीने तीन टाक्या, वर धुराडं. टायवाल्याने एक तज्ज्ञ बसवला होता. तज्ज्ञ छडी लावून सांगतो — धुराडं मुद्दाम डावीकडे वाकवलंय, वायू ड्रायव्हरच्या अंगावर येऊ नये म्हणून. फार विचार केलाय यात.

कसला विचार! आमच्या ह्यांनी फाटकाच्या कमानीला ठोकलं होतं ते. वर मलाच म्हणाले, तू बोलत होतीस म्हणून लक्ष गेलं.

ती आमची गाडी आहे. फिरती लॉन्ड्री. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या दारात नेऊन आम्ही तिथल्या तिथे चादरी धुवायचो. पहिली टाकी भिजवायची, दुसरी उकळायची, तिसरी नीळ घालायची. चित्रात मागे लोखंडी पायरी आहे, जमिनीपासून वीतभर. तज्ज्ञ म्हणाला, ही हत्यारबंद पहारेकऱ्यासाठी. ती माझ्यासाठी! माझा पाय पोचत नव्हता, म्हणून ह्यांनी वेल्डिंग करून दिली होती. अशी बुटकी पायरी जगात दुसऱ्या लॉरीला नसेल.

मी ओरडले, ही आपली गाडी आहे. सून म्हणाली, तुमची गोळी घेतलीत का?

मग तिचा हात धरून तिला मागच्या अंगणात नेलं. गाडी साडेसहा वर्षं तिथेच आहे, चाकं काढलेली, वर वाळत घातलेली पायपुसणी. सून पाच मिनिटं बघत राहिली. मग आत जाऊन तिनेच टीव्ही बंद केला.

७ मार्च

हे चित्र कुणी काढलं असणार ते मला कालच कळलं. थापाड्याने.

चार वर्षांपूर्वी तो त्या शेजारच्या देशातून पळून आला. बॉयलरचं काम येतं म्हणाला, म्हणून लॉन्ड्रीत ठेवला, मागची अंगणाकडची खोली राहायला दिली. काम येत होतं, तोंड बंद करता येत नव्हतं. एकदा म्हणे तो त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचा खास इंजिनिअर होता. पुढच्या आठवड्यात तो त्यांचा दंतवैद्य झाला. मी म्हटलं, मधल्या काळात कॉलेज कधी केलंस? तर हसला. इस्त्री किती तापली ते नुसत्या वासावर सांगतो म्हणाला आणि डॉक्टरांची पँट जाळली. वर सांगतो, कापड खोटं आहे. त्याच्या गोष्टी ऐकत आमच्या बायका हात सोडून उभ्या राहायच्या आणि नीळ चढून चादरी आभाळासारख्या व्हायच्या.

मग एक दिवस त्याला भेटायला सरकारचे दोन साहेब आले, बसले, चहा प्यायले. दोन दिवसांनी तो त्यांच्याबरोबर गेला. बरं झालं.

८ मार्च

मुलाने दार लावून घेतलं आणि मला समजावलं. फौजेच्या वर्द्या धुवायचं काम आपल्याकडे आहे, चौदा माणसं त्यावर आहेत, तू तोंड उघडलंस की ते काम गेलं. गाडी भंगारवाल्याला देऊन टाकू, सोमवारी बोलावतो.

मी म्हटलं, भंगारवाला अंगणात आला तर आधी मला उचलावं लागेल.

म्हणाला, आई, तुला काय मिळणार आहे यातून?

मी म्हटलं, खबर खोटी ठरली तर पोरं परत आणावी लागतील, असं तुझा टायवालाच म्हणतो. माझं एक पोर आहे त्यात. तुझंही तेच आहे.

तरी हो म्हणाला नाही.

९ मार्च

समितीला पत्र लिहिलं. शेजारची शिवणवाली म्हणाली, मी नीट भाषेत लिहून देते. नको म्हटलं. तिसरीत शाळा सुटली, पण एवढं येतं. लिहिलं — ‘ती गाडी आमची आहे. येऊन बघा. चहा मिळेल. कुत्रा बांधून ठेवते.’

१३ मार्च

भंगारवाला आला नाही. मुलानेच फोन करून नको सांगितलं, असं सून म्हणाली. त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१९ मार्च, बुधवार

समितीने बोलावलं. मोठी खोली, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि मला खुर्ची अशी उंच की पाय लोंबकळत होते. मुलगा सोबत आला. इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसला.

अध्यक्ष म्हातारे, कानात मशीन. शेजारी चष्म्याच्या बाई. बाईंनी विचारलं, तांत्रिक शिक्षण किती? मी म्हटलं, चाळीस वर्षं डाग काढले. लिहून घेणाऱ्याने ते लिहूनही घेतलं.

मी ह्यांचा गाडीपुढचा फोटो दिला. धुराडं वाकडं, पायरी बुटकी, पायरीवर मी. त्यांनी तो चित्राशेजारी ठेवला. मग अध्यक्ष म्हणाले की गाडी साडेसहा वर्षं तुमच्या अंगणात उभी असेल, तर इतक्या तपासात ती कुणाला दिसली कशी नाही?

मी सांगितलं. साहेब आले होते तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशीच बसले होते, समोर गाडी. बाहेर पडताना एकाने बूट घालायला पाय त्या पायरीवरच ठेवला होता.

मागे कोणी तरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी एक कागद काढला आणि बाईंनी तो वाचला. ‘हा माणूस आमच्याकडे आठ महिने आहे. खरं बोलतो. भरवशाचा आहे.’ खाली माझी सही.

मी विसरले होते असं म्हणता आलं असतं. विसरले नव्हते. या वहीतसुद्धा ते लिहायचं टाळलं.

साहेब म्हणाले होते, याच्या वागणुकीबद्दल दोन ओळी द्या, आम्ही याची राहायची सोय करतो. मला काय, खोली रिकामी होत होती. दोनच्या जागी तीन ओळी लिहिल्या, जास्तच खूश होऊन.

बाई म्हणाल्या, त्याचं बोलणं तपासायला आमच्या माणसांकडे एवढा एकच कागद होता. तुम्ही लिहिलेलं खरं होतं का?

मी म्हटलं, “नाही. तो झोपेतसुद्धा थापा मारायचा. मला तो घरातून जायला हवा होता.”

“याचा परिणाम काय झाला, कल्पना आहे?”

“माझा नातू तिकडे आहे. मला कल्पना कसली विचारता?” मग राहवलं नाही. “मी एका खोलीसाठी खोटं लिहिलं. तुम्ही तेवढ्यावर फौज पाठवलीत. माझ्याकडे साधी चादर आली तरी मी ती उजेडात धरून बघते.”

अध्यक्षांनी मशीन कानातून काढून पुसलं. ऐकायचं नव्हतं की काय कोण जाणे.

घरी येताना बसमध्ये माझी पिशवी मुलाने घेतली.

२१ मार्च

पेपरात पहिल्या पानावर — ‘युद्धाच्या मुळाशी लॉन्ड्रीवालीचं प्रमाणपत्र’. शेजारी माझा फोटो, तोंड उघडं. संरक्षणमंत्री म्हणाले, एका नागरिक महिलेने सरकारची दिशाभूल केली. माझ्या तीन ओळींनी! टायवाल्याकडे सातजण पुन्हा एका सुरात. फौज परत बोलावण्याबद्दल एकही शब्द नाही.

वर्द्यांचं कामही गेलं. शिवणवाली सांगत आली, फोटोत तुम्ही मंत्र्यांपेक्षा बऱ्या दिसता. मग तिलाच रडू आलं. मी तिला चहा करायला लावला.

२२ मार्च, शनिवार

नातवाचा निरोप आला. तो पेपर छावणीत पोचला. तिथली पोरं त्याच्याशी बोलत नाहीत. त्याच्या ट्रकमध्ये शेजारी बसायचा तो जोडीदार पंधरवड्यापूर्वी मारला गेला, हे त्याने आम्हाला आजवर कळवलंच नव्हतं. उद्या सकाळी दहाला फोन करणार आहे. म्हणाला, एकच विचारायचंय, सही आजीची आहे का?

मुलगा म्हणतो, सांगू की फसवून घेतली. सून म्हणते, सांगू की आजीला वाचता येत नाही.

खबरदार. उद्या फोन वाजला की कुणी हात लावायचा नाही. मी उचलणार.