पाय पिवळे होईपर्यंत

१४ सप्टें., रवि.
मका परवडेना, म्हणून सु.ने कोंबड्यांच्या या लॉटच्या खाद्यात मका बराच कमी केला. त्याऐवजी गिरणीतला भाताचा कोंडा, कणी, थोडी शेंगदाण्याची पेंड. कोंडा आला की आधी मूठभर हुंगते, खवट लागला तर पोतं परत. माझी बायको म्हणून नाही सांगत, पण नाक आहे बाईला. दादा नेहमीसारखे शेडच्या दाराबाहेरूनच, "यो लॉट नाय खपला तर शेड गोडाऊनवाल्याला देऊन टाकू." थोरले भाऊ, जागा त्यांच्या नावावर. राग आला, गिळला. शेड सु.ने उभी केलीय.

२८ सप्टें.
कल्याणचा व्यापारी बघून गेला. वजन बरं, पण मका कमी पडल्याने पाय पांढरे. "गिऱ्हाईक बोलतं माल आजारी. पाय पिवळे दाखवा, उचलतो." मुलगी बघायला आल्यासारखी नाटकं! सु. जेवली नाही.

१ ऑक्टो.
सु.ला कुठल्याशा शिबिरात ऐकलेलं आठवलं. झेंडूच्या पाकळ्या खाऊन कोंबडीचे पाय पिवळे होतात. उद्या दसरा. दसऱ्याच्या संध्याकाळी बाजारात उरलेला झेंडू पायदळी. कमाल आहे हिची.

३ ऑक्टो.
सकाळीच कल्याणच्या फुलबाजारातून न खपलेला झेंडू, टेम्पो भरून. मीही शहाणपणा केला. वागळे इस्टेटला आमच्या वर्कशॉपमध्ये पूजेला मशिनींवर चढवलेले हार पिशवीत भरून आणले. आई कडाडली, "देवाला वायलेली फुला कोंबऱ्यांना? नाय हां!" सु.ने हार हुंगला, कोंड्यासारखाच. "मशीनचं तेल हाय याला. माझ्या कोंबऱ्यांच्या पोटात नाय जायचं." हार नारळाच्या बुंध्याशी. शाबासकी राहिली बाजूला. बाजारातली फुलं गच्चीवर वाळत.

११ ऑक्टो.
पाकळ्या कुटून खाद्यात घालतोय. सु. रोज एक कोंबडी उन्हात धरून विचारते, "पिवळे वाटतात?" मी हो म्हणतो. "तुमी माझं मन राखता." खरं आहे. पण ती थकत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. तिला सांगितलं नाही, चढून बसेल.

१८ ऑक्टो.
झाले! भडक नाहीत, पण पिवळे. माझ्याही डोळ्यांना दिसतात. व्यापाऱ्याने एक पिंजरा नमुना नेला. दुकानात चालला तर सगळा लॉट उचलणार, फोन करतो म्हणाला. अजून नाही.
संध्याकाळी दादा दारात. वाटलं, आता गोडाऊनचं काढणार. म्हणाले, "सुनंदा, दिवाळीला पन झेंडू उरतंय ना बाजारात? टेम्पो सांगून ठेवू?"
सु. कोंडा हुंगत होती. "आधी फोन येऊ द्या, दादा."
दादा चपला काढून आत आले. आजवर कधी आले नव्हते. एक कोंबडी उचलली, उजेडाकडे धरली आणि तिचे पाय बघत बसले.