दोघांच्या सहीचा अर्ज

लॉरेन्स, मॅसॅच्युसेट्स
११ मार्च

ती. नुर्कामावशीस,
सा. न. वि. वि. आधी आशीर्वाद दे, मग रागाव.

फोनवर मी ओरडतो म्हणून तू फोन आपटलास आणि काय ते कागदावर लिही म्हणालीस. घे, लिहितो. मी रोसाउरीचं घर सोडलं आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून राडामेसकडे राहतो. तोच आपल्या गल्लीतला, कोंबडीवाल्यांचा. त्याच्या सोफ्यावर झोपतो, पाय बाहेर राहतात. बेकरीतलं काम चालू आहे.

कारण ऐकून हसू नकोस. रोसाउरीच्या चुलत बहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. जेवणं झाली, बचाताची गाणी लागली, आम्ही नाचत होतो. रोसाउरीने तो हिरवा झगा घातला होता. मावशी, अजून तिच्याकडे पाहिलं की परीक्षेत कोरा पेपर पुढ्यात घेऊन बसल्यासारखं होतं, काही सुचतच नाही. मी तिचा मुका घेतला. तर डोळे मिटायचे सोडून बाईसाहेबांनी माझ्या खांद्यावरून बहिणीला सांगितलं, की पटकन फोटो काढ, फाइलला लागेल.

फाइल कसली, ते सांगतो. लग्नामुळे मिळालेलं माझं ग्रीन कार्ड कच्चं आहे, दोन वर्षांचं. १४ एप्रिलला ते संपतं. त्याआधी नवरा-बायको दोघांनी सही करून अर्ज द्यायचा, आणि लग्न खरं आहे, कागदांसाठी केलेलं नाही, हे दाखवायचं. भाडेकरार, विजेची बिलं, बँकेचं खातं, फोटो. मग अट निघते आणि कार्ड पक्कं होतं. रोसाउरी दोन वर्षं हेच गोळा करते आहे. माझ्या वाढदिवसाच्या केकची पावतीसुद्धा! मी सगळ्यांदेखत विचारलं, की लग्न तू माझ्याशी केलंस की फाइलशी. सासूबाईंनी, दोन्या ओनेइदांनी, गाणी बंद करायला लावली. मी तसाच निघालो. पत्ता बदलला की सरकारला कळवावं लागतं, तेही त्याच संध्याकाळी कळवून टाकलं. ही पोकळ धमकी नाही, हे तिला कळू दे.

आता माझं ठरलं आहे. १४ एप्रिल उलटू देणार. आत्ता परत गेलो तर सगळं लॉरेन्स म्हणेल, आला बघा सहीसाठी. कार्ड मेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात उभा राहीन, रिकाम्या हातांनी. मग कळेल तिला, मी कशासाठी आलो ते. तोवर तिचा फोन घेत नाही. आवाज ऐकला तर माझं काही खरं नाही.

तिला यातलं अक्षर सांगू नकोस. लोभ आटला असेल तर दोन पेले ओत.

तुझा,
अनेउदी


सांतियागो दे लोस काबायेरोस
१९ मार्च

चि. अनेउदीस,
अ. उ. आ. देव तुझं भलं करो, आणि उरलीच तर थोडी अक्कलही देवो.

तुझं पत्र आपल्या गल्लीतल्या फेलोच्या मेहुणीने आणून दिलं. ती उद्या परत तिकडे निघाली आहे, हेही तिच्याच हाती देते. इथे उपासाचे दिवस चालू आहेत. घेवड्याची गोड खीर केली, सवयीने तुझी वाटी बाजूला काढली, आणि तुझं पत्र वाचता वाचता रागाने मीच ती संपवली.

कॉलेज सोडलंस तेव्हा मी तुझ्याशी महिनाभर बोलले नव्हते, आठवतं ना? पूल बांधायला शिकत होतास, आणि नाताळच्या सुट्टीत आलेल्या एका पोरीपायी तिसऱ्या वर्षातून उठलास. मला ती पोर तेव्हा आवडली नव्हती. लग्नातल्या फोटोत माझं तोंड बघ, कळेल. पण तुझं पत्र वाचून मी तिच्या बाजूची झाले. अरे गाढवा, मुका तू घेतलास. पण उद्या कुणी साहेबाने विचारलं की हे नवरा-बायको खरे कशावरून, तर त्याचं तोंड बंद करायची सोय तिने केली. आणि तू काय केलंस? मी हिच्याबरोबर राहत नाही, असं स्वतःहून सरकारला कळवलंस!

दारात उभा राहून करणार काय? कार्ड गेलं की काम गेलं. आज ना उद्या तुला विमानात बसवतील. मग तू इथे माझ्या व्हरांड्यात, ती तिथे, आणि तुमचं एकमेकांवर किती प्रेम आहे ते मी ऐकत बसायचं. मला हल्ली कमी ऐकू येतं.

सांगू नकोस म्हणालास, म्हणून मी तिला काहीच सांगितलं नाही. तुझं पत्रच पाठवून दिलं. फेलोची मेहुणी दोन्या ओनेइदांच्या शेजारी राहते, त्याला मी काय करू?

ओरडायचं असेल तर कागदावर ओरड. सोफ्यावरून पडू नकोस.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
नुर्कामावशी


लॉरेन्स
२४ मार्च

प्रिय अनेउदीस,
स. न. वि. वि. फोन घेत नाहीस म्हणून हे राडामेसच्या हाती देते आहे.

मावशींनी पाठवलेलं तुझं पत्र वाचलं. आईनेही वाचलं, दोनदा. पहिल्यांदा चिडली, दुसऱ्यांदा हसली. झगा निळा होता.

दोन वर्षांत तू एकही अर्ज वेळेवर भरलेला नाहीस. गाडीचं लायसन्स मी मागे लागले म्हणून झालं. दातांच्या विम्याचा कागद अजून फ्रिजवर चिकटलेला आहे. भरलास तो नेमका हा एक, तोही त्याच संध्याकाळी.

माझे पप्पा तिकडे, आपल्या देशात असतात, एवढंच तुला ठाऊक आहे. का असतात, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. त्यांचंही कार्ड असंच कच्चं होतं, आईमुळे मिळालेलं. तारीख जवळ आली तेव्हा दोघांचा अबोला चालू होता. आई म्हणायची, त्याने मागितली तर देईन सही. पप्पा म्हणायचे, तिने आपण होऊन दिली तर घेईन. तारीख गेली. मग नोटीस आली, कोर्ट झालं, आणि पप्पांना जावं लागलं. मी नऊ वर्षांची होते. भांडण कशावरून होतं, ते आज दोघांनाही सांगता येत नाही. पप्पा रविवारी फोन करतात आणि आई वेळेवर जेवते का, ते मला विचारतात. आई माझ्या शेजारीच बसलेली असते.

म्हणून मी केकची पावतीसुद्धा ठेवते. आणि डोळे मिटले नाहीत, कारण तो मुका मला शिल्लक राहायला हवा होता.

तू कशासाठी येशील याची मला शंका नाही. लॉरेन्सच्या लोकांना काय वाटेल ते वाटू दे, ते काही आपल्याबरोबर राहत नाहीत. मागण्याचीच लाज वाटत असेल, तर मी मागते. अनेउदी, मला तुझी सही हवी आहे. मी अजून केलेली नाही. तू आलास की दोघं एकमेकांसमोर करू.

शनिवारी दिवसभर घरी आहे. माया आहे, ती मोजायला एप्रिल उलटायची वाट पाहू नकोस.

तुझी,
रोसाउरी


लॉरेन्स
४ एप्रिल

ती. नुर्कामावशीस,
सा. न. वि. वि. तू दगाबाज आहेस. आणि तुझे उपकार फिटायचे नाहीत.

शनिवारपर्यंत थांबलो नाही. पत्र वाचलं आणि पिठाने भरलेल्या कपड्यांतच गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. मी आशीर्वाद मागितला. तो त्यांनी दिला, आणि बूट बाहेर काढ म्हणाल्या. रोसाउरीशी काय बोललो ते तुला कागदावरही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. पत्ता बदलल्याची नोंद आहे, तेव्हा वेगळे राहिलात हे लपवू नका म्हणाल्या, फक्त कारण मोघम लिहा, घरगुती मतभेद वगैरे. रोसाउरीने ऐकलं नाही. तिने सरळ लिहिलं, की मुक्याचा फोटो काढायला सांगितला म्हणून नवरा रागावून मित्राकडे गेला, आणि त्याचा स्वभावच तसा आहे. मी हरकत घेतली. वकीलबाई म्हणाल्या, राहू द्या, खोटी जोडपी असलं काही लिहीत नाहीत.

ओळखीच्यांची साक्षीची पत्रंही लागतात. सासूबाईंना विचारायचा मला धीर नव्हता. पण त्यांनीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचला. मी आणि माझ्या नवऱ्याने एकमेकांकडे सही मागितली नाही, असं त्यांनी लिहिलं. आम्ही घर मोडलं ते तेवढ्यामुळे. ही दोघं खूप भांडतात, पण मागतात. खाली पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या आडनावासकट. रोसाउरी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

काल आम्ही सगळं पाकीट पोस्टात दिलं. सरकारची पोच आली की जुनं कार्ड पुढे चालतं. निकालाला मात्र वर्ष लागेल, कदाचित दोन. गाडीत बसल्यावर रोसाउरी रडायला लागली. मी आधी घाबरलो, मग लक्षात आलं की दोन वर्षं घाबरत होती ती, आणि मला वाटत होतं ही नुसती पावत्या गोळा करते. गाडी बराच वेळ तिथेच उभी ठेवली. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मावशी, तुला खोटं वाटेल, पण मी त्याला एक शब्द बोललो नाही.

आज रविवार. रोसाउरीच्या पप्पांचा फोन आला, तेव्हा तिने तो उचलला नाही, नुसता आईपुढे सरकवला. सासूबाई आत जाऊन बोलत आहेत. दार लावलेलं आहे आणि आम्ही बाहेर जेवायचे थांबलो आहोत.

तुझा आशीर्वाद या वेळी दोघांच्या नावाने पाठव.

तुझा,
अनेउदी