स्टेशनवरची सायकल

निशी-कसाई, तोक्यो
८ ऑक्टोबर २००६

प्रिय स्वरूपा,

नगरसेविकाबाई, साष्टांग नमस्कार! तुझं पत्र आणि पेपरातलं कात्रण मिळालं. स्वीडिश एक अक्षर कळलं नाही, पण फोटोत तू तीच, पदर खोचल्यासारखा मफलर खोचून उभी. पुण्यात मनोरुग्णांच्या वॉर्डात आपण दोघी समुपदेशक होतो, तेव्हा डॉक्टरसुद्धा आपलं ऐकत नसत. आणि आता परक्या गावाने तुला निवडून दिलं! प्रचारात तू म्हणे दारोदार एकच सांगितलंस, घरात कुणाचं मन आजारी असेल तर लपवू नका. वॉर्डात नातेवाइकांना आपण हेच सांगायचो. ते मान डोलवायचे आणि बाहेर जाऊन शेजाऱ्यांना सांगायचे, टायफॉइड झालाय. काय चिडायचो गं आपण!

इकडे सगळं ठीक. नुपूर दुसरीत आहे, भांडते मात्र जपानीत. जयेशला काम फार. बिल्डिंगमध्ये सगळे आपलेच, कंपन्या तेवढ्या वेगळ्या. दिवाळीच्या फराळाच्या कामाची वाटणी झाली, माझ्याकडे चकल्या आल्यात.

१२ ऑक्टोबर

वरचा मजकूर पाकिटात घातला होता. पुन्हा काढला. पोस्टात टाकवेना.

जयेश ऑफिसला जात नाही, स्वरूपा. गणपती गेले तेव्हापासून. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतो. धड जेवण नाही, आंघोळ नाही. एकदा म्हणाला, "मी नसलो तर तुम्ही दोघी पुण्याला सुखात राहाल." हे वाक्य वॉर्डात कानावर आलं असतं, तर त्या माणसाला मी क्षणभर एकटं सोडलं नसतं.

आणि इथे मी काय केलं? कंपनीला कळवलं, पाठ धरलीय. शेजाऱ्यांची सोय वेगळी. इथे प्रत्येकाची सायकल प्रत्येकाला ठाऊक. ती स्टेशनच्या तळावर दिसली, की माणूस कामावर गेला. म्हणून रोज सकाळी नुपूरला शाळेत सोडलं, की मी जयेशची सायकल स्टेशनवर लावून येते आणि संध्याकाळी घेऊन येते. समोरची चित्रा म्हणते, "फारच राबवतात बाई तुझ्या नवऱ्याला." मी म्हणते, "हो ना, प्रोजेक्टची डिलिव्हरी आहे."

काल संध्याकाळी गेले तर सायकल जागेवर नाही. वाटलं, पालिकेने उचलली. घरी आले. नुपूर एकटीच टीव्ही बघत होती. म्हणाली, "बाबा गेला. इत्तेकिमास पण नाही म्हणाला." इथे घरातून निघताना म्हणतात ते, आपल्या 'येतो'सारखं.

अराकावा नदी आमच्यापासून जवळ आहे. मी कशी पळाले, मलाच ठाऊक. बांधावर सायकल उभी होती आणि शेजारी जयेश बसलेला, पायजम्यावर ऑफिसचा कोट. मी जवळ जाऊन बसले. म्हणाला, "खिडकीतून रोज बघतो मी. आज म्हटलं, तुझी एक खेप वाचवावी. पण घराकडे वळवता येईना गं." नदीकडे का वळवलीस, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

मी घाबरलेय. भयंकर घाबरलेय. सायकलीला कामावर पाठवलं आणि माणसाला घरात कोंडलं मी.

आज सायकल नेली नाही. जिन्याखाली सगळ्यांना दिसेल अशी उभी आहे. चित्राने विचारलं, "जयेश घरी?" आणि मी सगळं सांगून टाकलं, जिन्यातच. तिने हातातली कचऱ्याची पिशवी खाली ठेवली आणि माझा हात धरला. तिचं जपानी चांगलं आहे, उद्या डॉक्टरांकडे ती सोबत येतेय. जयेश अजून हो म्हणालेला नाही. त्याचं तोंड अजून भिंतीकडेच आहे.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं, इथल्या भिंती पातळ आहेत. पण पत्र मिळताच तू फोन कर, उत्तर लिहीत बसू नकोस. दारोदार जाऊन बोललीस ना, तशी त्याच्याशी बोल. वॉर्डात मी काय बोलायचे, त्यातला मला आता एक शब्द आठवत नाही.

आणि मी फोन उचलून म्हणाले, की सगळं ठीक आहे, तर माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझी,
आता पेशंटची नातेवाईक,
नेत्रा